टावेलाखालचा हात

“सिस्टर, लाईट गेली की आमचे मामंजी बंद पडतात.”

कबनूरची एक सून माझ्या टेबलापुढं बसून हे अगदी गंभीर तोंडानं सांगत होती आणि मी हसू दाबायला खाली वाकून, न पडलेलं पेन शोधत होते. महादेवी तिचं नाव. पदर खोचलेला आणि आवाज यंत्रमागाच्या शेडमध्ये घडलेला, म्हणजे साधं ‘बरं हाय’ म्हणाली तरी शेजारच्या वॉर्डातला पेशंट उठून बसावा.

“बंद पडतात म्हणजे काय गं?”

“म्हंजे थांबतात की! एक पाय फुडं, एक मागं, हातात तांब्या. लाईट आली की परत चालू.”

“मग वायरमनला दाखवायचं, इकडं कशाला आणलंस?” आमचा कंपाउंडर मागनं बोलला. तेव्हा मात्र मी हसलेच.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर जोनबाई बसल्या होत्या, परदेशातून आलेल्या नर्स. मी त्यांना सगळं इंग्रजीत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “त्यांच्या घरात विजेवर काय काय चालतं, ते विचार.”

“माग चालत्यात की,” महादेवी म्हणाली. “फुडं शेड, मागं घर. दिवसभर खडाखड खडाखड. लाईट गेली की सगळं गपगार.”

जोनबाई खुर्चीत ताठ झाल्या. “उद्या जाऊया,” म्हणाल्या.

आता जायच्या आधी मी कोण ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई कुठून मधेच बोलायला लागली. शाहूपुरीतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात माझी हयात गेली. लागले आया म्हणून. बघून बघून नर्सचं काम शिकले, मग एक छोटा कोर्स पास झाले. इंग्रजी मला कुणी शिकवलं नाही. औषधाच्या खोक्यात तो घडी घातलेला कागद असतो ना, तो वाचून शिकले. त्या कागदावरचं इंग्रजी फार सभ्य असतं, पण गप्पा मारायला उपयोगाचं नाही. जोनबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा ‘इंग्रजी येणारी’ म्हणून मलाच हार देऊन पुढं ढकललं. बाई उन्हानं लालबुंद. मी त्यांच्या खोलीकडं बोट दाखवून म्हणाले, “स्टोअर इन अ कूल अँड ड्राय प्लेस.” बाई म्हणाल्या, “यस प्लीज!” आमची मैत्री झाली ती तिथंच.

त्या आल्या कशा, तर आमच्या मोठ्या डॉक्टरांची परदेशात एका संस्थेशी गाठ पडली. ती संस्था कंपवाताच्या पेशंटसाठी खास नर्स तयार करायची. इकडं तसली नर्स असते हेच कुणाला माहीत नव्हतं. इकडं माणूस थरथरायला लागला की ‘वय झालं’ म्हणायचं आणि खाट खिडकीजवळ सरकवायची. तर करार झाला. दर हिवाळ्यात त्यांनी एक नर्स पाठवायची आणि आम्ही इथली एक बाई शिकायला द्यायची. मला दिलं, कारण बाकीच्या सगळ्यांना बाळंतपणाचा वॉर्ड पाहिजे होता. तिथं पेढे मिळतात.

करारात सामानही यायचं. मोठमोठी खोकी. एकदा भर मे महिन्यात गरम पाण्याच्या पिशव्या आल्या, वर लोकरीचे स्वेटर घातलेल्या. एकदा उंच काठाच्या ताटल्या आल्या, हात थरथरला तरी वाटाणे सांडू नयेत म्हणून. आमच्या स्वयंपाकघरातल्या शांतामावशींनी काठ बघितला आणि त्यात पीठ मळायला घेतलं. आणि एक पाटी आली इंग्रजी अक्षरांची. या आजारात आवाज हळूहळू बसत जातो, मग पेशंटनं अक्षरांवर बोट ठेवून बोलायचं. आमच्या एका आजोबांनी ती पाटी उलटसुलट करून विचारलं, “ह्यात मटण कुठं हाय?”

पण हसण्यावारी नेऊ नका. काम मोलाचं होतं. कंपवात म्हणजे नुसतं थरथरणं नव्हे. मेंदूत एक रस असतो, तो आटत जातो, आणि हातापायाला सुटलेला हुकूम वाटेतच रेंगाळतो. चाल मंदावते, अंग ताठतं, आणि कधीकधी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. माणसाला जायचं असतं, पाय ऐकत नाहीत. गोळी असते, पण ती कधी घ्यायची, कशाबरोबर घ्यायची, यावर सगळं. डॉक्टर गोळी लिहून देतात. ती पेशंटच्या दिवसात बसवायची कशी, ते नर्सनं बघायचं.

तर कबनूर. महादेवीचे सासरे रुद्राप्पाअण्णा अंगणात फिरत होते. पांढरी विजार, बंडी, कपाळाला भस्म, खांद्यावर टावेल. शेडमधून मागांचा खडखडाट आणि त्या तालावर अण्णांची पावलं. डावं, उजवं, डावं, उजवं. मी म्हटलं, ह्यांना कसला आजार? तेवढ्यात लाईट गेली. शेड गप झाली आणि अण्णा तुळशीजवळ उभे ते उभेच.

जोनबाई पुढं झाल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या, मागाच्या चालीवर. अण्णांचा पाय सुटला. चार पावलं टाकली आणि डोळे वटारून म्हणाले, “बाईंना इचार, टाळ्या कशाला वाजवत्यात? मी काय तमाशातला नाच्या हाय?”

मी समजावलं. आतला हुकूम रेंगाळला तरी बाहेरचा ताल पायाला उचलून नेतो, असं जोनबाईंचं म्हणणं. लाईट गेली की घरातल्या कुणीतरी ताल धरायचा. महादेवीनं लगेच पत्र्याचा डबा आणि उलथनं घेतलं.

पुढच्या आठवड्यात ती आली तर कपाळाला हात लावून. भारनियमनाचे दिवस. रोज लाईट जायची, रोज महादेवी डबा बडवायची. गल्लीला वाटलं हे वीज मंडळाविरुद्ध आंदोलन आहे. समोरच्यांनी परात काढली, वरच्या आळीनं घमेली. आता लाईट गेली की अख्खी गल्ली बडवत होती आणि मधून अण्णा शांतपणे मोरीकडं जात होते.

“आनी सिस्टर, येकजण म्हनाला अण्णांना फुडारी करूया. ह्या वयातबी कसं ठामपनं चालत्यात!”

चालायचं झालं. पण अण्णांचं खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते त्यांनी बंडीच्या खिशात कोंबून ठेवलं होतं. उजवा हात.

अण्णा जनावरांच्या बाजारातले दलाल. म्हैस विकणारा एकीकडं, घेणारा दुसरीकडं, मधे दलाल. आणि भाव तोंडानं बोलायचा नाही. आजूबाजूला शंभर कान असतात. दलाल खांद्यावरचा टावेल विकणाऱ्याच्या हातावर टाकतो, त्याखाली दोघांचे हात एकमेकांत. एक बोट धरलं की एक भाव, दोन धरली की दुसरा, अख्खी मूठ आवळली की आणखी वरचा. वर तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा आणि खाली बोटांचा सौदा. टावेलाखाली जे ठरलं ते ठरलं. कागद नाही, साक्षीदार नाही, आणि मागं फिरणं तर नाहीच.

आता या आजारातल्या कंपाची एक खोड आहे. हात कामात असला की कमी, निवांत ठेवला की जास्त. अण्णा भाव सांगायचे आणि विकणाऱ्याच्या तळहातात हात ठेवून त्याच्या उत्तराची वाट बघायचे. नेमका तिथंच अंगठा आणि बोटं आपली आपण हलायला लागायची. विकणाऱ्याला वाटायचं, अण्णा भाव वाढवतायत. तो गप्प राहायचा. अण्णांचा हात आणखी वाढवायचा.

“इकणाऱ्यांची हीऽऽ रांग लागती आमच्याकडं,” महादेवी म्हणाली. “घेणारं मातर आमाला बघून म्हशीमागं लपत्यात.”

“मग भाव तोंडानं सांगा की अण्णा,” मी म्हटलं.

अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांना रंकाळा तलावावर उघड्यानं आंघोळ करा म्हटलं होतं. “आक्का,” ते म्हणाले, “माझ्या बापानं भाव बोलला न्हाय, मी बोललो न्हाय. टावेल गेला तर मी बाजारात कशाला जाऊ? शेंगा खायला?”

हे हसण्यासारखं वाक्य होतं, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. बाजार सुटला की या माणसाची खाट खिडकीजवळ सरकणार, हे मला दिसलं. जोनबाईंनाही दिसलं असावं. त्यांनी विचारलं, “बाजाराच्या दिवशी गोळी कशाबरोबर घेता?”

“दुधाबरोबर. ताजं, धारेचं.”

तिथंच घोळ होता. गोळी आणि दूध पोटात एकत्र गेली की दूध गोळीला आडवं येतं, नीट लागू पडू देत नाही. गोळी पाण्याबरोबर घ्यायची, दूध नंतर. मी सांगितलं तर अण्णा उखडले. “म्हशीचा दलाल बाजारात हुबा ऱ्हाऊन पानी पितोय? लोक म्हनतील, ह्येचाच दुधावर इस्वास न्हाय!” शेवटी ठरलं, पाणी पितळेच्या तांब्यात, वर झाकण. बघणाऱ्याला दूध वाटावं.

जोनबाईंचा नियम होता, पेशंट जिथं काम करतो तिथं जाऊन बघायचं. म्हणून सोमवारी आम्ही वडगावच्या बाजारात. अण्णा, महादेवी, मी आणि डोक्यावर गवताची टोपी घातलेल्या जोनबाई. टोपीला पहिल्या दहा मिनिटांत एका रेड्यानं तोंड लावलं.

अण्णांचा सौदा चालला होता राधानगरीकडच्या बापूबरोबर. बापू म्हणजे बोलायला लागला तर समोरच्या डोंगरावर ऐकू जावं असा गडी. त्याची म्हैस शांत रवंथ करत होती. टावेल पडला.

“औंदा पाऊस कसा तुमच्याकडं?” अण्णा.

“काय इचारू नका पावणं! भात सगळं पान्यात. मी बी पान्यात, म्हस बी पान्यात!”

बोलता बोलता बापूचा चेहरा फुलायला लागला. अण्णांचा हात सुरू झाला होता. महादेवीनं तांब्या पुढं केला, “मामंजी, गोळीची वेळ झाली.” अण्णांनी हात काढून घेतला आणि पाठ फिरवून गोळी तोंडात टाकली. टावेल राहिला बापूच्या हातावर तसाच.

आणि जोनबाईंनी आपला हात टावेलाखाली घातला.

त्यांना एवढंच बघायचं होतं की तिथं हात कसा ठेवावा लागतो, आधार कुठं मिळतो. पण एकदा कुणाचा हात हातात आला की त्या बाईला राहवायचं नाही. वर्षानुवर्षांची सवय. एकेक बोट धरून वाकवून बघितलं. मूठ आवळली. परत आवळली. मनगट फिरवलं. पुन्हा पाची बोटं आणि पुन्हा मूठ.

बापू अजून पावसाच्या गप्पांत होता, तो मधेच थांबला. आधी त्याचं तोंड उघडं पडलं, मग डोळे. मग तो असा ओरडला की शेजारचं रेडकू दावं तोडून पळालं.

“झाला! बाजार झाला! दिली!”

आणि त्यानं म्हशीचं दावं जोनबाईंच्या हातात दिलं. बाईंना वाटलं, पाहुण्यांचा मान. “थँक यू!” म्हणाल्या आणि मला फोटो काढायला सांगितला. मी काढला. तो फोटो अजून माझ्या कपाटात आहे. बाई हसतायत, बापू हसतोय, म्हैसही बरी दिसते. मागं अण्णा आहेत. बापूनं त्यांच्या कानात भाव सांगितला, त्याच्या पुढचाच क्षण. तोंडातलं पाणी हवेत आहे.

त्या भावात म्हैसच काय, म्हशीचं माहेर आणि सासर दोन्ही आलं असतं.

“अवो, ही नर्सबाई हाय!” मी पुढं झाले. “ती हात तपासत होती तुमचा!”

“तपासू दे की!” बापू म्हणाला. “पर टावेलाखाली तपासलं न्हवं? टावेलाखाली डाक्टर न्हाय, पेशंट न्हाय. टावेलाखाली फकस्त भाव!”

माणसं गोळा झाली. एक म्हातारा दलाल म्हणाला, “बाईमानसाचा हात कधी टावेलाखाली आलता का रं? ह्यो सौदा कसा म्हनायचा?”

बापूला आता म्हैस परत मिळायची भीती वाटायला लागली. छाती पुढं काढून तो सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा गरजला, “बाई असू दे, बाप्या असू दे, न्हायतर देवळातला नंदी असू दे! टावेल कुनाचा त्येवढं बगायचं. टावेल रुद्राप्पाचा, म्हंजे हात रुद्राप्पाचा!”

सगळे अण्णांकडं बघायला लागले. मी जोनबाईंना समजावलं तेव्हा त्यांचा लाल चेहरा पांढरा पडला. “चूक माझी आहे, मी भरते,” त्या म्हणाल्या. मी ते मराठीत सांगायला तोंड उघडलं, तर अण्णांनी हात वर केला. खिशातून काढलेला, कापणारा, सगळ्यांसमोर.

“बाईंना म्हनावं, गप ऱ्हावा.” मग बापूकडं वळून म्हणाले, “परत बोल. टावेल कुनाचा?”

“तुमचा.”

“मग हात?”

“तुमचाच की!”

“ऐकलं सगळ्यांनी?” अण्णा म्हणाले. “बाजार झाला.”

पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून मोजले. मला वाटलं, हट्टी म्हातारा, बाण्यापायी बुडाला. म्हशीला घेऊन निघालो तर बाजाराच्या तोंडाशी अण्णांचे पाय चिकटले. डबा आम्ही घरी विसरलेलो. आम्ही टाळ्या वाजवायच्या आत म्हैस आपली चालायला लागली, गळ्यातली घंटी टण टण करत. आणि दावं धरलेले अण्णा तिच्यामागं, डावं, उजवं, डावं, उजवं, थेट टेम्पोपर्यंत. टेम्पोत ती चढली तसे तेही चढायला निघाले होते, आम्ही धरलं.

पुढच्या आठवड्यात महादेवी गोळ्या न्यायला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी कबनूरला गेले. घरात माग बंद, लाईट नाही, बाहेर गल्ली घमेली बडवतेय, आणि स्वयंपाकघरात चुलीपुढं सासरे-सून समोरासमोर बसलेले. मधे टावेल.

“चुकलीस,” अण्णा म्हणत होते. “दोन बोटं धरलीस. बापूनं तुला इकून खाल्लं असतं. परत धर.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

महादेवीची बोटं मागावरची. तुटलेला धागा चालत्या मागात जोडणारी. तिचा नवरा जरा कुरकुरला होता, परक्या पुरुषाचा हात धरायचा म्हणून. अण्णांनी त्याला तिथंच गप्प केलं, “हात धरतीया म्हंजे काय सिनेमात व्हय? म्हशीचा भाव करतीया!”

सासरा-सून अशी दोघं परत बाजारात उभी राहिली त्या दिवशी मी रजा काढून गेले. जोनबाई परत गेल्या होत्या, नाहीतर त्यांना ओढूनच आणणार होते. अण्णांनी टावेल टाकला आणि त्याखाली महादेवीनं हात घातला. समोरचा शेतकरी चटका बसल्यासारखा मागं सरकला. “हे काय अण्णा? बाईमानूस?”

अण्णांनी मान वळवून गर्दीत बापूला शोधलं. बापू पाठ फिरवून जायच्या बेतात होता.

“बापू! टावेल कुनाचा रं?”

बापूनं डोकं खाजवलं. सगळा बाजार त्याच्याकडं बघत होता. नाही म्हणावं, तर मिळालेला भाव परत करावा लागणार. “तुमचा,” तो म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात.

“आनी हात?”

“...तुमचा.”

अण्णा शेतकऱ्याकडं वळले आणि कापता हात खिशात न घालता, तसाच मोकळा सोडून म्हणाले, “औंदा पाऊस कसा तुमच्याकडं?”

त्यानंतर बरीच वर्षं तो टावेल बाजारात होता. महादेवी भाव करायची, अण्णा पावसाबद्दल बोलायचे. घेणारे म्हशीमागनं बाहेर आले. म्हैस घरातच राहिली, तिचं नाव ‘जोन’ ठेवलं. जोनबाईंनी तिकडं जाऊन आपल्या संस्थेला प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. मग तिकडून आमच्या मोठ्या डॉक्टरांना फोन आला की, म्हैस हे कोणत्या प्रकारचं चालण्याचं साधन आहे? डॉक्टरांनी फोन माझ्याकडं दिला. मला औषधाच्या कागदावरचं एकच वाक्य आठवलं, “यूज अ‍ॅज डायरेक्टेड.”

पुढं करार संपला. तिकडची माणसं बदलली, इकडचे मोठे डॉक्टर गेले, खोकी यायची थांबली. मी निवृत्त झाले आणि माझ्या खुर्चीवर कंपवाताची नर्स म्हणून कुणी बसलं नाही. त्या खोलीत आता झेरॉक्सचं मशीन आहे. याचं मला वाईट वाटतं, आणि ते मी लपवत नाही.

अण्णा शेवटी शेवटी खाटेवर होते. खाट खिडकीजवळ नव्हती, ती महादेवीनं मागाच्या शेडच्या भिंतीला लावली होती. आवाज पार बसला होता. मी ती इंग्रजी अक्षरांची पाटी कपाटातून काढून, मराठी अक्षरं चिकटवून घेऊन गेले. महादेवीनं ती बघितली आणि बाजूला ठेवली. अण्णांच्या अंगावरच्या शालीखाली हात घातला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, “च्या पाहिजे म्हंत्यात. साखर जास्त.”

सगळं बोलणं तसंच चालायचं त्यांचं. पाणी, कूस, उशी, नातवाची चौकशी, सगळं बोटांत.

निघताना अण्णांनी शालीखालून माझा हात धरला. एक बोट दाबलं, मग दोन, मग सगळी मूठ आवळली आणि सोडेचनात. मला ती भाषा येत नव्हती. औषधाच्या कागदांवर ती कुठंच नसते. मी महादेवीला म्हटलं, “काय म्हणतायत गं? सांग की.”

तिनं माझ्या हातावरची शाल जरा नीट केली.

“सांगायचं नसतंय, सिस्टर,” ती म्हणाली. “टावेलाखालचं हाय ते.”